आठ नव्या जागा

टेपचं एक टोक किझायाने धरलंय,
दुसरं माझ्या हातात.
अ‍ॅक्रिंग्टनमधल्या चर्चमागच्या या हॉलमध्ये
आम्ही दोघी जमीन मोजतोय
तलाठ्यासारख्या.

दोन वर्षांच्या मुलाला अडीच चौरस मीटर.
तीन वर्षांच्याला दोन पूर्णांक तीन.
म्हणजे वाढदिवसाला मूल मोठं होतं
आणि त्याची जागा लहान.
हे हिल्डाला सांगितलं, तर म्हणाली,
पेन्शनचंही तसंच आहे बाई.

अर्ज शुक्रवारी दुपारी बारापर्यंत.
छप्पर गळतंय. खाली निळी बादली,
मुलांनी तिचं नाव ठेवलंय ब्रेंडा.
पण योजना दुरुस्तीची नाही,
योजना नव्या जागांची.
आठ मुलं वाढवा, मग भिंत मिळेल,
बुटकी बेसिनं, कुंपण,
आणि भिंतीच्या ओघात जमलंच तर छपराची एक कड.
हिल्डा ऑर्मरॉड, वय त्रेसष्ट, चष्मा कपाळावर,
चौकटीत ‘आठ’ लिहिते.
नाक दाबलं की तोंड उघडतंच.
आठांना आणखी दोन बाया लागतील,
त्यांचा पगार कुठल्या रकान्यात
ते अर्ज विचारत नाही,
म्हणून आम्हीही.

माझी आई चंदगडकडे अंगणवाडी सेविका.
अकरा रजिस्टरं,
आणि समाजमंदिराच्या तुळईला टांगलेला एक ताणकाटा.
झोळीत बसवलं की मूल हसायचं,
काटा थरथरायचा,
हसू थांबेपर्यंत आकडा लागायचा नाही.
आई पेन उघडून उभी.
चार महिन्यांचं मानधन थकलेलं असायचं,
पण मुलाला ‘गप बस’ म्हणालेली
मी ऐकली नाही.

अपेक्षित परिणाम, अडीचशे शब्दांत.
मी लिहिलं:
इद्रिसला झोप आली की तो चावतो.
पाठीवर हात ठेवावा लागतो, थोपटायचं नाही,
नुसता ठेवायचा,
साधारण अकरा मिनिटं.
तेवढा वेळ माझा एक हात कमी असतो.
हिल्डाने मोठ्याने वाचलं,
नाक पुसलं,
आणि सगळं खोडून लिहिलं
‘भावनिक सज्जतेत लक्षणीय वाढ’.

अनुदान.
घरात हा शब्द सणासारखा यायचा,
येणार येणार म्हणून.
शाळेत मी त्याची फोड केली होती,
अनु म्हणजे मागून.
बाईंनी चूक दिली.
इथेही ते मागूनच येतं:
आधी खर्च करा, पावत्या जोडा,
तीन गवंड्यांचे तीन दर,
मग साहेब येऊन बेसिनाची उंची मोजणार.
हिल्डाने बहिणीकडून नऊ हजार पौंड उसने आणले.
बहीण तेव्हापासून रविवारी फोन करते,
आणि फक्त हवेबद्दल बोलते.

मार्चात भिंत झाली.
फरशी इतकी नवी की मुलं दोन दिवस
कडेकडेने चालली.
बेसिनं माझ्या गुडघ्याला लागतात,
कप विसळताना कंबर धरून येते,
पण किझाया स्वतः हात धुते, कोपरापर्यंत,
साबण संपेस्तोवर.
नव्या आठांतली पाच आलीत.
नव्या बायांपैकी एक. ती गुरुवारी नसते.
ब्रेंडा आहे तिथेच आहे,
गळकी कड नेमकी दुसरी निघाली.

हात धुवायला पूर्वी लाकडी स्टूल लागायचं,
एका पायाखाली पुठ्ठा.
आता त्याचं काम उरलं नाही,
मालमत्तेच्या यादीतही ते नाही.
सहा वाजायला आले की झोफिया ते ओढत नेते,
नव्या फरशीवर पांढरा ओरखडा उठतो,
खिडकीशी लावते, चढते,
काचेवर वाफ, वाफेत बोट.
आली का ग बस, मी मोपचा दांडा धरून विचारते.
लाल आली, ती सांगते.
आपली नाही.