उटी

रविवार. वारज्यात सोसायटीचं पार्किंग, डी विंगच्या मागे,
जिथे पेव्हर ब्लॉक जरा कमी डुगडुगतात.
सँट्रोखालच्या पुठ्ठ्यावर तेलाचा डाग:
परवा रुपयाएवढा, आज भाकरीएवढा.

बाबा लिफ्टने खाली येतात.
एका हातात काठी, दुसऱ्यात पिशवी,
पिशवीत बाभळीच्या चार उट्या,
त्यांनीच तासलेल्या, अंगावर करवतीचे ओरखडे.
"हँडब्रेक?"
ओढलाय.
"गिअर?"
पहिला.
तरी मागच्या चाकांना उट्या लावून
काठीच्या मुठीने ठोकतात,
बंद दार वाजवावं तसं.

जॅकखाली मी प्लायवूडचा तुकडा सरकवतो.
नाहीतर ब्लॉक खचतो, आणि खचण्याआधी सांगत नाही.
दांडा खाली, वर, खाली.
सँट्रो नाक वर करते, शिंक अडलेल्या माणसासारखी.
मग घोड्या. जुन्या बाजारातल्या.
विकणारा तीन टनांच्या शपथा घेत होता.
बाबांनी शपथा ऐकल्या नाहीत,
वेल्डिंगवरून नख फिरवलं,
दोन परत ठेवल्या, दोन घेतल्या.

"जॅक उचलतो रे. धरत नाही."
हे दर वेळी येतं,
आरतीनंतर मंत्रपुष्पांजली यावी तसं.
मी मान हलवतो.

एकोणनव्वद साली धनकवडीत
आमची फियाट होती आणि मुरमाचा उतार.
मी नऊ वर्षांचा. काम एकच दिलेलं:
पुढच्या चाकाला दगड लाव, नीट.
लावला. नीट. चांगला दोन हातांनी उचलावा लागला एवढा.
चढाच्या बाजूला.

मागचं चाक वर गेल्यावर
हँडब्रेक कुणाला धरणार?
मला ठाऊक नव्हतं. बाबांना होतं.
म्हणून तर दगड.

आवाज फार झाला नाही.
कुकरचं झाकण पडावं तेवढा.
हात ड्रमखाली होता.
बाकीचे बाबा बाहेर होते, म्हणून आहेत.
करंगळी गेली, अनामिका गेली,
अंगठी आईला दोन दिवसांनी मुरमात सापडली.

ससूनमध्ये डॉक्टरांना, खडकीला फोरमनला, आत्याला,
बाबांनी सगळ्यांना एकच सांगितलं: जॅक जुना होता.
पस्तीस वर्षं त्या बिचाऱ्या जॅकवर आळ आहे.

माणसं धावत यायच्या आत
मी दगड उचलून
उताराच्या बाजूला नेऊन ठेवला होता.
त्यांनी पाहिलं का, माहीत नाही.
मी विचारलं नाही.

आता गाडी घोड्यांवर टेकली आहे.
जॅक काढलेला नाही, नुसता लागून ठेवलाय.
दाराखालच्या पट्टीशी स्टेपनी आडवी.
मी पुठ्ठ्यावर बसतो, तर "थांब."
काठी भिंतीला लावून
बाबा तीन बोटांचा हात मडगार्डवर ठेवतात
आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांचं सगळं वजन घालून ढकलतात.
एकदा पुढून. एकदा बाजूने.
वॉचमन बनसोडे हसतो, "काय आजोबा, गाडी पाडता का?"
"हो. पडायची असेल तर आत्ता पडू दे."

पडत नाही.

मी पाठीवर आत सरकतो.
वर इंजिनाचं काळं पोट, ऊन लागलेल्या रबराचा वास,
तेलाचा थेंब नटाच्या कडेला येऊन विचार करतोय.
मागच्या चाकाशी दोन चपला येऊन थांबतात.
काठीचं टोक उटी चाचपतं. अलीकडून.
बराच वेळ काही नाही.
मग पलीकडून.

"दोन्ही बाजूंनी लावावी," चपला म्हणतात.
"उतार कुणीकडे आहे
ते लहान पोराला कसं कळणार.
मी बघायला हवं होतं."

थेंब मनगटावर पडतो.
चौदाचा पाना माझ्या हातातच आहे.
मी म्हणतो, "बाबा,
चौदाचा द्या जरा."