यादीतली शेवटची ओळ

अठ्ठावीस हिवाळे मी या फियोर्डच्या काठाने
बर्फ ढकलला.
कुठल्या वळणावर वारा गाडीला खांदा देतो,
कुणाच्या फाटकापाशी फाळ अलगद उचलायचा,
शाळेची बस निघायच्या आत
कुठवर पोचलेलं असायला हवं,
सगळं तोंडपाठ.

नोव्हेंबरात मुकादमाने किल्ली मागितली.
ओरडला नाही.
नुसता हात पुढे केला.
मी किल्ली ठेवली त्याच्या तळव्यावर.
थर्मास मात्र त्याने आधीच उघडून
हुंगून, झाकण लावून
सीटवर परत ठेवला होता,
दुसऱ्याच्या घरातली वस्तू ठेवावी तसा.

दवाखान्यातल्या स्तेइनूनने
औषधाच्या खोक्याचा तुकडा फाडून
त्यावर लिहून दिलं:
मंगळवार, रात्री आठ.
मासळीचं जुनं गोठणघर, मागचं दार.
पाटी नाही, घंटा नाही, ढकलायचं.
"सापडेल ना?" म्हणाली.
मला हसू आलं.
या गावात, मला?

पहिल्या मंगळवारी सापडलं नाही.
म्हणजे बंदरापर्यंत गेलो,
नांगरलेल्या होड्या मोजल्या. अकरा.
पुन्हा मोजल्या. अकराच.
घरी आलो.

दुसऱ्या मंगळवारी वादळ होतं.
वादळ नव्हतं.
तसं मी हाल्बेराला फोनवर सांगितलं,
आणि ती बहिणीकडे, त्याच फियोर्डच्या पलीकडच्या काठावर,
खिडकीशी उभी होती.
"इथे चांदणं आहे," एवढंच बोलली.

तिसऱ्या मंगळवारी चालत निघालो.
नांगराच्या केबिनमधून हे गाव
कधी इतकं उंच दिसलं नव्हतं.
गोठणघराच्या कोपऱ्यावर थांबलो, गुडघाभर बर्फात,
आणि आठवलं.

रोज सकाळी टेबलावर कामाची यादी असायची.
मंगळवारच्या यादीत, अगदी खाली,
पेन्सिलीने एक ओळ जादा:
गोठणघर, मागचं दार, आठच्या आत.
किती शिव्या घातल्या मी त्या ओळीला.
बंद पडलेल्या कारखान्याला कसला रस्ता?
उंदरांना? विम्याच्या साहेबाला?
एकदा तर मुद्दामच गाळली.
घाई होती. बाटली वाट बघत होती.
दुसऱ्या दिवशी कुणी चकार शब्द काढला नाही.
आज कळतंय,
तक्रार करायला त्यांनी
कुणाच्या नावाने जायचं होतं?

आता नांगर चालवणारा पोरगा एयविंदुर.
त्यानेही गाळली होती ओळ.
पण बर्फात पावलं होती.
मोठ्या बुटांची, छोट्या बुटांची,
आणि एका बाजूने, थांबत थांबत,
काठीची गोल भोकं.
मी आयुष्यभर लोकांना वाट करून दिली म्हणायचो.
त्या रात्री दुसऱ्याच्या पावलात पाऊल टाकत गेलो,
माझं माप कुठेच बसत नव्हतं,
तरी गेलो.

दार ढकललं. अडलं.
ओढायचं होतं.

वर कामगारांची जुनी खानावळ.
हीटरवर वाळत टाकलेले हातमोजे,
लोकरीचे, रबराचे, एक जोडी चक्क लेसची.
कोण कोण होतं ते सांगणार नाही.
तसा शब्द दिलाय.
एवढंच सांगतो,
फळ्यावर कुणीतरी पुढच्या महिन्याच्या तारखा लिहिल्या होत्या
आणि ते अक्षर मी ओळखत होतो.
कुणीतरी नुसता हात पुढे केला.
या वेळी त्यात कप होता.

माझी पाळी आल्यावर नाव सांगितलं.
पुढे घसा चालेना.
कुणी पुढचं विचारलं नाही.
एक म्हातारी आपल्या काठीच्या टोकाचा बर्फ
कागदाने पुसत होती, सावकाश,
जणू सगळ्यांकडे रात्रभर वेळ आहे.
कॉफी भयंकर कडू होती.
दोन कप प्यालो.

काल चौथा मंगळवार.
साताच्या सुमारास फावडं घेऊन गेलो.
नांगराने दोन मिनिटांचं काम,
हाताने पाऊण तास.
कंबर धरली आहे.
दारापर्यंतचा तुकडा नीट झाला,
कोपऱ्यावरचा थोडा राहिला.