पाच महिने सव्वीस दिवस

ऐरोलीत, सेक्टर पाचला माझा गाळा:
झेरॉक्स, पॅन कार्ड, विमानाची तिकिटं.
पासपोर्ट हातात आला की मी फोटो बघत नाही.
मुदतीच्या तारखेवर अंगठा ठेवतो
आणि डाव्या मुठीच्या उंचवट्यांवर महिने मोजतो,
चौथीत शिकलो तसे.

दिवागावचे धर्माजी मढवी मस्कतला निघाले होते.
मुलगा तिकडं क्रेन चालवतो, अकरा वर्षं झाली.
तिकीट चौदा मार्चचं,
पासपोर्ट संपतो नऊ सप्टेंबरला.
म्हटलं, काका, जमणार नाही. पाच दिवस कमी पडतात.

"कमी कशे? मी पंधरा दिवसांत परत येनार.
पाच मयनं सव्वीस दिवस हान ना अजून?"

आहेत. कबूल.
मग मी रोजचंच सांगितलं:
पासपोर्ट नुसता जिवंत असून भागत नाही,
तुम्ही परत आल्यावरही
त्यात थोडी धुगधुगी उरायला लागते.
तिकडं आजारी पडलात, अडकलात,
आणि काहीच झालं नाही तरी
काउंटरवरची मुलगी तारीख बघते, माणूस नाही.
(मी तरी कुठं बघतो.)

ते पंख्याकडं बघत बसले. मग म्हणाले,
"सातबाऱ्यावर मुदत नव्हती रं.
बापाच्या खाली माझा नाव,
माझ्याखाली पोराचा लागनार होता.
सिडकोची नोटीस आली.
ना सहा मयनं, ना सव्वीस दिवस."
चपलेच्या टोकानं माझी फरशी दाखवली,
"हितं रता भात व्हायचा."

माझ्या गाळ्याचा करार साठ वर्षांचा.
त्यातली किती गेली
ते मुठीवर मोजायला घेतलं
आणि मूठ टेबलाखाली नेली.

तात्काळमधून फॉर्म भरला.
वागळे इस्टेटला टोकन, तीन खिडक्या,
बोटांचे ठसे काही केल्या उमटेनात.
मिठागरात गेली होती त्यांची तिशी.
साहेबानं ओल्या फडक्यानं हात पुसून घेतले,
चौथ्या वेळी मशीननं ओळखलं.

नवी पुस्तिका आली, दहा वर्षांची.
मढवी आता चौऱ्याहत्तर.
"यवरी कोनाला?" म्हणाले,
आणि एकटेच हसले.
जुनीचा कोपरा कापून परत दिलेला,
नसबंदी झालेल्या कुत्र्याच्या कानासारखा.
ती त्यांनी सातबाऱ्याच्या पिशवीत सारली.

जाण्याच्या आदल्या दिवशी येऊन
टेबलावर एक पुडी ठेवून गेले.
मुलासाठी बांधलेल्यातून उरलेले सोडे.
सवयीनं मी पुडी उलटी करून पाहिली.
तारीख नव्हती.
घरी बायकोनं सोडून नाकाशी धरली,
म्हणाली, चांगलेत की,
आणि कांदा चिरायला घेतला.