घडी

शिवडीला आमचा गाळा, तिसरा मजला.
खाली दिवसभर टेम्पोच्या बॉड्या ठोकतात.
त्या हातोड्यांनी आमचा वजनकाटा
चौथ्या दशांशात थरथरत राहतो,
म्हणून वजनं सगळी जेवणाच्या सुट्टीत.

आम्ही माणसाचं प्रथिन बनवतो.
त्याला माणूस लागत नाही.
जीवाणूला माणसातली एक ओळ द्यायची,
सदतीस अंशांवर रात्रभर हलवत ठेवायचं.
तो ती घोकतो, आम्ही पावकी-निमकी घोकायचो तशी,
कशाला उपयोगी ते न विचारता,
आणि इतकी घोकतो
की पोटात गुठळ्या होतात.

गुठळ्या युरियात विरघळवायच्या. आठ मोलर.
कालवताना बीकर हाताला गार लागतो.
साखळी सुटी होते, एकशे पासष्ट मणी,
वर आम्ही लावलेली सहा हिस्टिडिनची शेपटी,
निकेलनं पकडायला.
मग पिशवीत भरून, दोन्ही तोंडांना चिमटे लावून
शीतखोलीतल्या मोठ्या बीकरात सोडायची.
युरिया हळूहळू बाहेर जातो
आणि साखळीला आपली घडी आठवते.
आठवली तर.
दहातल्या सात वेळा सकाळी पांढरा चोथा.

एवढं वहीत आहे.
तुळाजी घोगळ्यांचं वहीत नाही.

घोगळे काचेची भांडी धुतात.
तीनदा नळाचं पाणी, तीनदा डिस्टिल्ड,
मग उजेडाकडे धरून एक डोळा मिटतात.
सोमवारी आणि गुरुवारी येत नाहीत,
परळला यंत्राला जोडलेले असतात.

बुधवारी संध्याकाळी फ्लास्कचा ट्रे घेऊन
ते शीतखोलीत आले, पिशवी फिरताना पाहिली.
"घरतबाई, ह्यां काय चाल्लां?"
"डायलिसिस," मी म्हणाले.
म्हटल्यावर ऐकू आलं मला.

त्यांनी ट्रे खाली ठेवला.
"किती तास?"
"रात्रभर. मध्ये दोनदा पाणी बदलायचं."
"माका चार," ते म्हणाले.
पिशवीकडे बघत राहिले, ओळखीचं कुणी
इस्पितळाच्या बाकड्यावर भेटावं तसे.

मग मागच्या बॅचच्या कुपीवरचं नाव
त्यांनी बोट ठेवून वाचलं.
एवढं लांब इंग्रजी नाव
ते न अडखळता वाचतात,
दर महिन्याला औषधाच्या दुकानात सांगून सांगून.
"माका टोचतत, तांच मां ह्यां?"

मी सांगितलं. मणी तेच.
पण तुमचं बनतं प्राण्याच्या पेशीत,
त्याला साखरेच्या फांद्या फुटतात,
त्यांच्या जोरावर ते रक्तात टिकतं.
जीवाणूला फांद्या लावता येत नाहीत.
हे टोचलं तर अंग बाहेर टाकेल,
शिवाय टोचण्याइतकं निर्मळही नाही.
बोलताना माझा आवाज कुणाला तरी
प्रेझेंटेशन देत होता.

"म्हणजे नागडां," घोगळे म्हणाले.
हो, मी म्हणाले. तसंच.

लेबलावर खाली बारीक अक्षरात असतं:
फक्त संशोधनासाठी. माणसांवर वापरू नये.
ते मीच टाइप केलंय, चारशे वेळा तरी.
त्यांनी मला मराठीत वाचून दाखवायला लावलं,
मग कुपी परत खाचेत ठेवली, सरळ, लेबल पुढे.
"माणसाचां, पण माणसाक नाय," म्हणाले,
आणि हसले. रागावले असते
तर मला काहीतरी सांगता आलं असतं.

रात्री अकराला मी पाणी बदलायला थांबले.
खालचे हातोडे बंद होते.
जुनं पाणी सिंकमध्ये ओतताना
त्यात किती युरिया असेल याचा हिशोब मांडला
आणि अर्ध्यावर सोडला.

गुरुवारी सकाळी पिशवी उजेडाकडे धरली,
एक डोळा मिटून.
स्वच्छ. कुठे एक कण नाही.
घडी बसली, मी मोठ्यानं म्हणाले,
आणि वळून पाहिलं तर
धुण्याच्या टाकीपाशी कुणी नव्हतं.

शुक्रवारी कुपी हैदराबादला गेल्या, सुक्या बर्फात.

त्या दिवशीची भांडी मी धुतली.
तीनदा नळाचं, तीनदा डिस्टिल्ड.
एका बीकरच्या बुडाशी डाग राहिला होता,
तो चौथ्यांदा.