आतली कड

वाडी नाक्याच्या पुढे, ट्रकांच्या रांगेत
माझं दुकान पटकन दिसत नाही.
दिसतो तो कूलर, आणि कूलरच्या मागे मी.

दुपारी दोनला ती गाडी आली
तेव्हा आल्याचं कळलंच नाही.
जराशी खडी करकरली,
सावलीतलं कुत्रं उठून बाजूला झालं, एवढंच.
काळी, बुटकी, पाठीत रुंद.
तीन सेकंदांत शंभर गाठते म्हणे.
उमाठ्यांचा प्रणित उतरला,
चावी नाहीच, एक कार्ड ठेवलं माझ्या हातात.
"मागून गुणगुणते काका, महिन्यापासून.
मले वाटलं मोटरच असंन.
गाणे मोठे करून टाकले मी."

बाहेरून टायर नवेच.
नक्षी खोल, रबराचे केसही झडले नव्हते.
गाडी लिफ्टवर चढवली, खाली शिरलो,
मागच्या डाव्या चाकाच्या आतल्या कडेवर हात फिरवला.

तार टोचली.

अकरा हजार किलोमीटर.
भर मे महिन्यात, समृद्धीवरून,
या उघड्या तारांवर बसून
हा पोरगा परवाच जालन्याला जाऊन आला होता.
मी बोट दाखवलं. तो वाकला,
मोबाइलचा उजेड पाडला,
आणि मग बराच वेळ काही बोलला नाही.

"मागचे पुढं, पुढचे मागं करून टाका ना."
नाही होत, बाप्पा.
मागचे रुंद, पुढचे अरुंद,
याचा जोडा त्याला येत नाही.

मुनीर उस्ताद मोमिनपुऱ्यातून सायकलवर यायचे,
खिशात पांढरा दोरा, कानावर खडू.
अँबेसिडरच्या चाकांना दोरा ताणून
एक डोळा मिटायचे.
चाक झिजत नसतं शालिक, म्हणायचे,
चाकाला कोणीतरी ओढत असतं.
आता माझ्याकडे कॅमेरे आहेत.
पडद्यावर लाल आकडे आले
आणि मी सवयीनं एक डोळा मिटला.

मागची दोन्ही चाकं डोकं आत घालून,
आखाड्यात भिडलेल्या पहिलवानांसारखी.
ते कंपनीनंच दिलेलं, वळणावर पकड राहावी म्हणून.
पण डावं त्याशिवाय बाहेर बघत होतं,
पंगतीत बसून एखादा दाराकडे बघतो तसं.
फार नाही, अंशाचा तिसरा हिस्सा.
वर बावीस क्विंटल वजन,
पाय ठेवताच धावणारी ताकद,
आणि किलोमीटरमागे पाचेक मीटर
ते आडवंच घासत होतं, बिचारं, न बोलता.
जुन्या गाड्या तरी कण्हायच्या.

"शून्यावर आणा मग."
शून्य झिरो माइलच्या खांबाला शोभतं.
चाक जोर लागला की फाकतं,
म्हणून आधीच त्याला किंचित आत वळवून ठेवायचं.
हे मी त्याला सांगितलं,
आणि बोल्टला पाइप लावून लटकलो.
बोल्ट तासाभरानं हलला.
मधल्या वेळात त्यानं दोनदा विचारलं, चूक कोणाची?
कारखान्याची, सिमेंट रोडच्या सांध्यांची,
की सिग्नल सुटल्यावर त्याच्या उजव्या पायाची?
मी म्हटलं, चहा घे.

टायर पुण्याहून आले, चार दिवसांनी.
पडदा हिरवा झाला.
रिंग रोडला मी शेजारी बसलो, तो चालवायला.
गाडी डावीकडे सरकली.
तो घाबरला. "काका, बिघडली!"

मी त्याच्या हातांकडे बघितलं.
महिनोन् महिने ती वाकडी गाडी सरळ न्यायला
त्यानं स्टिअरिंग दोन बोटं डावीकडे धरलं होतं,
स्वतःला न कळता.
अजूनही तसंच धरून होता.

सोड, म्हटलं.
"सोडू?"
सोड.

त्यानं एकेक बोट उचललं.