एक खोखा कमी

बासष्टच्या थंडीत उत्तरेकडे जे काही झालं
त्याची सजा आम्हाला झाली नागपुरात:
आठवड्यातून दोनदा परेड, सक्तीची, दोन वर्षं.
पंचाहत्तर टक्के हजेरी भरली नाही
तर परीक्षेचा फॉर्म नाही.

मी कसला सैनिक.
मला इंटरला गणितात डिस्टिंक्शन हवं होतं
आणि माझ्या मापाचे बूट.
नऊ नंबरचे बूट, सात नंबरचे पाय,
मधल्या जागेत कालचा अग्रलेख.

आई हाफपँट भाताच्या पेजेत बुडवायची.
ती दोरीवर पत्र्यासारखी वाळायची
आणि पहाटे मांड्या सोलायची
इतवारीपासून सायकल मारताना.
मैदानावर पोचेपर्यंत
एम्प्रेस मिलचा भोंगा आधी होतो
की हवालदार बख्तावरसिंह आधी ओरडतो,
यावर आमची एका समोशाची पैज.

माझ्या उजवीकडे सुकलाल उईके,
देवलापारचा, होस्टेलात राहणारा.
पहिल्याच दिवशी हवालदार समोर उभा राहून म्हणाला, दाहिने मुड़,
तर यानं विचारलं,
"किसका दाहिना, उस्ताद? आपका के मेरा?"
खरंच विचारलं होतं. कुणाला पटलं नाही.
तेव्हापासून कुठेही काही हरवलं, वाकलं, उशिरा आलं
की हवालदाराची मान आधी उईकेकडे वळायची.

डिसेंबरात कामठीच्या रेंजवर फायरिंग.
थ्री नॉट थ्री, माणशी पाच गोळ्या,
आठ दिवस निळा राहिलेला खांदा.
पाचवी गोळी सुटली आणि शेजारी गवतात
पितळेचा खोखा पडला, कोवळा गरम.
थंडी होती. मी तो उचलला. एवढंच.
खोखे मोजून परत करायचे असतात
हे मला कुणी सांगितलं नव्हतं,
आणि सांगितलं तेव्हा
तो खिशात होता, आणि सगळे बघत होते.

दोनशे पंचवीस हवे. दोनशे चोवीस.
सूर्य कन्हानच्या बाजूला उतरेपर्यंत
पंचेचाळीस पोरं गुडघ्यांवर, गवत चाळत.
मीही चाळलं. मनापासून चाळलं.
शेवटी कागदावर एक नाव लागणार होतं.
हवालदाराची मान वळली.

रायफल डोक्यावर धरून नऊ फेऱ्या.
मी मोजल्या.
गणित चांगलं होतं माझं.

शेवटच्या दिवशी स्टोअरात सगळं जमा केलं:
बेल्ट एक, टोपी एक, बूट एक जोडी,
पितळी बकल, घासून घासून पातळ झालेलं.
कारकुनानं प्रत्येकापुढे खूण केली, सही घेतली,
"नेक्स्ट" म्हणाला.
संपली माझी देशसेवा.
बाहेर येऊन मी एक पेरू घेतला, मीठ लावून.

परवा, नोव्हेंबरात, सीताबर्डीच्या बँकेत
हयातीचा दाखला द्यायच्या रांगेत
समोरच्याची मान ओळखीची वाटली.
दोन वर्षं तिच्याच रेषेत उभा होतो मी.
वनखात्यातून रिटायर, कानात मशीन,
हातात कापडी पिशवी.
मी काहीतरी बोललो उन्हाबद्दल, गुडघ्यांबद्दल,
मग एकदम, साठ वर्षांनी, नको तितक्या मोठ्यानं:
"उईके, तो खोखा माझ्याकडे होता."

रांगेतल्या दोन बाया वळून बघायला लागल्या.

तो म्हणाला, "मले मालूम होतं बे.
वापस येतानी तुया खिसा वाजे.
चाराण्यावर टण टण करे सारखा."

मग बोललास का नाही?

त्यानं पिशवीतून आधार कार्ड काढलं,
उलटंसुलटं करून पाहिलं.
"मले पळता येत होतं," म्हणाला.
"तुले कुठं येत होतं? ते बूट तुये."

काचेमागच्या पोरीनं त्याचं नाव पुकारलं.
उईकेनं टाचा जुळवल्या.
मी बघितलं, माझ्याही जुळल्या होत्या.

खोखा अजून आहे घरी.
ओठांशी आडवा धरून फुंकला तर शीळ वाजते.
नातीला ती आवडते.
तिला वाटतं, तो त्यासाठीच केलेला आहे.