पुराची रेघ

हरिपुरात भिंती वाचता येतात.
कमरेपाशी एक रेघ, खांद्याशी दुसरी,
सोसायटीच्या गोदामात तर डोक्याच्या वर हातभर.
पाणी कुठवर आलेलं, कुणी विचारत नाही.

आम्ही आलोय त्या पुराची रेघ शोधायला
ज्यानं चिखल मागं ठेवला नाही.
एक शीतपेटी, साठ नळ्या,
आणि चिठ्ठ्या टाकून काढावी तशी घरांची यादी.

"आमचंच घर का?" आक्काताई चौगुले विचारतात
पातेल्यातलं एक शीत चिमटीत दाबत.
मी म्हणते, तुम्ही आत्ता करताय तेच.
"भात ढवळल्याला असतोय बाई.
गाव कुठं ढवळलंय?
वरची आळी शिजून गेली, खालची अजून कच्ची."
शेऱ्याच्या रकान्यात मी हे जसंच्या तसं उतरवते
आणि मग त्यांची बाही वर करते.

पुढच्या घरी हमाल. दंडापर्यंत हळद,
शीर दिसत नाही, बोटानं चाचपावी लागते.
ताप? न्हाई. खोकला? न्हाई.
वास गेला होता?
"वखारीत हळदीबिगर कशाचा वास येतोय?"

रात्री यंत्र गरगरून थांबतं.
लाल खाली बसतं, वर उरतं पिवळसर पाणी.
माणूस म्हणतो काही झालं नाही,
ते पाणी म्हणतं, झालं होतं.
इथं जमिनीखाली पेवं असायची,
वरून चालणाऱ्याला काय कळणार
पायाखाली किती साठलंय?

शंभरात एकतीस.
दवाखान्याच्या वहीत मात्र दोनसुद्धा नव्हते.

बाळगोंडा मगदूम अकरा रात्री बायकोच्या उशाशी होते.
त्यांच्या कागदावर: आढळले नाही.
"मलाच कसं न्हाई?"
मी सांगते, रेघ पुसट होते, कधी चाचणीला दिसत नाही.
"म्हंजे भिंत कोरी हाय म्हणून
पाणी आलंच न्हवतं, असं न्हाई."
न्हाई, मी म्हणते. माझी भाषाही त्यांची होते.
ते कागदाची घडी घालतात, पुन्हा उघडतात.

एक कागद अजून माझ्या पिशवीत आहे.
त्या घरातली जाऊ भाद्रपदात गेली.
आक्काताईंना साधी शिंकही आली नव्हती.

दोनदा त्यांच्या गल्लीवरून वळसा घालून गेले.
आज त्या दारातच उभ्या होत्या,
पदराला हात पुसत.

"काय गं, शिजलावता का भात?"